हेड स्टड आवळण्याआधीचे दोन दिवस आणि नंतरचा अर्धा तास

नागपूरहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने सकाळी सहाला शेडसमोर पार्सल टाकलं. वीतभर खोकं, पण उचललं की जड. आत दहा स्टड (इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ब्लॉकला धरून ठेवणारे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे), दहा बारा-कोनी नट, दहा वायसर आणि वंगणाची एक पुडी. माझ्याकडे काम शिकणारं पोट्टं खोक्यात डोकावून म्हणालं, "भाऊ, एवढंच? हे त अर्ध्या घंट्याचं काम हाय."

आवळायला अर्धा तास लागतो, हे खरंच आहे. पण त्याच्या आधी दोन दिवस जातात, आणि हेड पुढे टिकणार की हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग (गॅस्केट) उडणार हे त्या दोन दिवसांतच ठरतं.

माझं गॅरेज वणी-मारेगाव रस्त्यावर आहे. रोजचं काम बोलेरो, पिकअप आणि ट्रॅक्टरचं. पण आता आमच्याकडेही हौशी पोरं आलीत. समोर उभी होती एक जुनी होंडा सिटी, १.५ लिटर व्हीटेक. मालकाचं घर कापसाचं, नाद ऑटोक्रॉसचा, म्हणजे आखलेल्या वळणांवर वेळ लावून गाडी पळवायचा. इंजिन पूर्ण उतरवलेलं, टर्बो बसवायचा ठरलेलं. टर्बो आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, हेड वर उचललं जायला बघतं, म्हणून कंपनीचे हेड बोल्ट काढून त्या जागी बाहेरचे मजबूत स्टड. या कामात सगळ्यात जास्त नाव निघतं ते कॅलिफोर्नियातल्या एआरपीचं. १९६८ पासून ते हेच बनवतात. कंपनी कोणतीही घ्या, रीत एकच. फक्त आकडे त्या-त्या किटच्या कागदावरचेच घ्यायचे. मी खाली जे आकडे दिलेत ते समजावण्यापुरते आहेत.

बोल्ट काढून स्टड कशाला?

बोल्ट आवळताना तो एकाच वेळी पिळलाही जातो आणि ताणलाही जातो, शिवाय ब्लॉकमधल्या आट्यांवर घासत फिरतो. सिटीचा ब्लॉक अल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह. अल्युमिनियमच्या आट्यात पोलादी बोल्ट चार-पाच वेळा फिरवला की आटे झिजायला लागतात. स्टड ब्लॉकमध्ये एकदाच हाताने बसतो आणि तिथेच राहतो. फिरतो तो वरचा नट, तोही बारीक आट्यांवर. त्यामुळे स्टडला जवळजवळ फक्त सरळ ओढ बसते. आणखी एक गोष्ट. बऱ्याच गाड्यांचे कंपनी बोल्ट टॉर्क (पिळण्याचा जोर) आणि वर ठरलेला कोन देऊन आवळायचे असतात. ते मुद्दाम कायमचे ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. स्टड मात्र स्प्रिंगसारखा ताणायचा असतो, म्हणजे सोडला की तो मूळ लांबीवर परत आला पाहिजे.

आकडा टॉर्कचा, काम ओढीचं

हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. टॉर्क पाना ओढ मोजत नाही. नट फिरवायला किती जोर लागला, तेवढंच तो सांगतो. त्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि प्रत्यक्ष स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. रुपयातले नव्वद पैसे वाटेत खर्च व्हावेत तसं. आता त्या नव्वद पैशांत थोडा जरी फरक पडला, कचऱ्याने, गंजाने किंवा वेगळ्या वंगणाने, तर हातात येणाऱ्या दहा पैशांचं काय होईल बघा.

हिशेब मांडून दाखवतो. दहा मिलिमीटरचा स्टड, टॉर्क ६० फूट-पाउंड, म्हणजे ८१ न्यूटन मीटर. किटसोबतचं वंगण लावलं तर एका स्टडवर साडेपाच-पावणेसहा टनांची ओढ येते. कापसाची एक गाठ १७० किलोची धरली तर एका स्टडला चौतीस गाठी टांगल्यासारखं. तोच स्टड, तोच टॉर्क, पण वंगणाऐवजी इंजिन ऑइल लावलं, की ओढ साडेचार-पावणेपाच टनांवर येते. पाना दोन्ही वेळा "कट" असंच म्हणतो. एक टन कुठे गेला ते तो सांगत नाही.

म्हणून किटच्या कागदावर दोन आकडे असले, एक वंगणाचा आणि एक ऑइलचा, तर आपण काय लावतोय ते बघून आकडा घ्यायचा. आणि एककंही नीट वाचायची. आपल्याकडे कोणी केजी-मीटर बोलतो, कोणी न्यूटन मीटर, आणि परदेशी कागदावर बहुतेक वेळा फूट-पाउंड असतं. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, १ केजी-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर. ६० फूट-पाउंड वाचून पान्यावर ६० न्यूटन मीटर लावलं तर सरळ चतुर्थांश टॉर्क गेला. हसू नका, असं झालेलं इंजिन माझ्याकडे दुरुस्तीला आलं आहे.

पाना खरा आहे का? बादली लावा

क्लिकवाला टॉर्क पाना वर्षानुवर्षं ट्रॉलीत आपटत असतो. तो खरं बोलतो का हे आमच्या भागात तपासून कोण देणार? घरच्या घरी करायची रीत सांगतो.

व्हाइसमध्ये एक जाड बोल्ट आडवा घट्ट पकडा. त्यावर गोटी (सॉकेट) आणि गोटीत टॉर्क पाना, दांडा जमिनीला समांतर आणि खाली दाबला की आवळण्याच्या दिशेने जाईल असा. पान्यावर ८१ लावा. आधी पाच-सहा वेळा हाताने क्लिक करून आतली स्प्रिंग मोकळी करून घ्या. आता पान्याच्या चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. माझ्या पान्याचं ४२ सेंटीमीटर आहे. मुठीच्या बरोबर मध्यावर दोरीने रिकामी बादली टांगा आणि तांब्याने हळूहळू पाणी ओता. शेवटी-शेवटी पेल्याने ओता. "कट" झालं की थांबा आणि बादली पाणी-दोरीसकट काट्यावर ठेवा. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी उत्तम.

हिशेब असा. बादलीचं वजन किलोमध्ये, गुणिले ९.८१, गुणिले ०.४२ मीटर. यात पान्याचं स्वतःचं वजनही धरायचं. माझा पाना १.३ किलोचा, बोटावर तोलला तर २२ सेंटीमीटरवर तोलतो. त्याचे २.८ न्यूटन मीटर झाले. म्हणजे पाना खरा असेल तर बादली १९ किलोच्या आसपास भरायला हवी. माझी पहिल्यांदा १७.२ किलोलाच वाजली. गणित केलं तर खरा टॉर्क निघाला ७३.७. तीन वेळा केलं, तीनदा तेच. पाना नऊ टक्के खोटं बोलत होता. चार टक्क्यांपर्यंतचा फरक चांगल्या पान्यालाही माफ असतो, नऊ नाही. तो मी कॅलिब्रेशनला पाठवला आणि या कामापुरता दुसरा मागून आणला. त्यालाही बादली लावलीच.

दोरी मात्र मुठीच्या मध्यावरच हवी. दोरी पुढे-मागे सरकवून हिशेब जुळवत बसू नका. क्लिक पान्याचा आतला सांधा चौकोनापासून थोडा बाजूला असतो, त्यामुळे जागा बदलली की आकडाही बदलतो. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

भोकं: इथेच ब्लॉक फुटतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॉकमधली स्टडची भोकं खाली बंद असतात. त्यात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड किंवा बोल्ट आत गेला, तर द्रवाला जायला जागा नसते आणि तो दबतही नाही. मग फाटतो तो ब्लॉक.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका गाडीचं हेड बसवत होतो. मागच्या कोपऱ्यातल्या भोकात ऑइल होतं. मला दिसलं होतं. "वाहून जाईल" म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या फेरीला बोल्ट थोडा जड लागला, मी अजून जोर लावला, आणि "टिच्" असा आवाज आला. काचेचा पेला ओट्यावर टेकवल्यासारखा, तेवढाच. भोकापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत केसासारखी रेघ. ब्लॉक माझ्या पैशाने आला, आणि तो येईपर्यंत गिऱ्हाईक रोज सकाळी येऊन शेडसमोर बसून राहायचं, एक शब्द न बोलता. त्या वर्षी दिवाळीला घरात नवीन काही आलं नाही.

तर भोकं अशी साफ करा. मेडिकलमधून २० मिलिलिटरची सिरिंज आणि सलाईनची बारीक नळी आणा. नळी भोकाच्या तळापर्यंत घालून ऑइल ओढून घ्या. मग थिनर टाका, पुन्हा ओढा. मग आट्यांत ब्रश. आणि शेवटी हवा. हवा मारताना भोकावर फडकं धरा आणि डोळ्यावर चष्मा लावा, कारण तळातला चिखल थेट डोळ्यात येतो. भारनियमनाची वेळ आधीच बघून कॉम्प्रेसरची टाकी भरून ठेवा. शेवटी बॅटरीचा उजेड टाकून प्रत्येक भोकाचा तळ डोळ्याने पाहा. तळ चकाकतो तो धातू आहे की ओल, ते बोटाने नाही, तारेला गुंडाळलेल्या कोऱ्या कागदाने तपासा.

आणि पुसायला वेस्ट (सुती धाग्यांच्या चिंध्या) वापरू नका. कापसाच्या जिल्ह्यात बसून कापसाला नावं ठेवतोय, पण खरं तेच आहे. बनियन वेस्टचा एक धागा आट्यात अडकला की तो नटाच्या घर्षणासारखाच खोटा टॉर्क दाखवतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत रुईचं बारीक रेशीम उडत असतं, आणि वणीकडून येणाऱ्या ट्रकची कोळशाची धूळ तर बारमाही. साफ केलेल्या ब्लॉकवर जुनी सुती चादर नको, धुतलेली असली तरी; लगेच जाड प्लास्टिक टाका आणि कडेने दोरी बांधा.

आटे खराब दिसले तर टॅप मारायचा मोह होतो. मारू नका. टॅप नवीन आटा कापतो, म्हणजे थोडा धातू काढतो, आणि स्टड सैल बसतो. त्याऐवजी जुन्याच हेड बोल्टचा साफ करायचा दांडा बनवा. बोल्टच्या आट्यांवर हॅक्सॉने लांबीला तीन खाचा पाडा, कडांवरचा बर कानशीने काढा, थोडं तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा. खाचांमध्ये जुना गाळ, गंज आणि सीलंटची साल भरून येते. तोपर्यंत फिरवा, जोपर्यंत दोन बोटांनी तळापर्यंत जातो. एखाद्या भोकाचे आटे खरंच गेले असतील, तर तिथे काम थांबवा आणि चांगल्या वर्कशॉपमध्ये पोलादी इन्सर्ट बसवून घ्या. "नऊ तर चांगले आहेत" असं म्हणून पुढे जाणाऱ्याला दहावा स्टड दाखवून देतो.

एक अपवाद. काही इंजिनांत भोकं थेट पाण्याच्या जाकिटात उघडतात. तिथे स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं, नाहीतर पाणी आट्यांवरून वर चढतं. सीलंट ओलं असतानाच पूर्ण टॉर्क द्यायचा. आमच्या समोरच्या ब्लॉकची भोकं बंदच होती, त्यामुळे तिथे काही लावलं नाही.

पृष्ठभाग आणि बोअर

स्टड कितीही चांगला असो, हेड वाकडं असेल तर त्याने काय करायचं? सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घ्या. लांबीला दोन्ही कडा, मधली रेघ, आडव्या रेघा आणि दोन्ही कर्ण, असं सगळीकडून बघा. या होंडाला ०.०५ मिलिमीटरपर्यंत काही करायची गरज नाही, ०.०५ ते ०.२ मध्ये असेल तर हेडला फेस मारायचा, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा. हे माप उन्हात घेऊ नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. एका बाजूने तापलेलं हेड वाकडं दिसतं, आणि हात भाजतो तो वेगळाच. मी हेड, ब्लॉक, पट्टी तिन्ही रात्रभर शेजारी-शेजारी ठेवतो आणि पहाटे साडेपाचला मोजतो. टॉर्कही त्याच वेळी.

पत्र्यांच्या थरांचं एमएलएस पॅकिंग वापरणार असाल, तर फेस किती गुळगुळीत आहे याला फार किंमत आहे. ५० मायक्रोइंच किंवा त्याहून बारीक फिनिश लागतो. हे मशीनवाल्याला आधीच सांगा, "पॅकिंग एमएलएस आहे" असं. नुसतं "फेस मारून द्या" म्हटलं तर तो ट्रॅक्टरच्या हेडसारखाच मारून देईल, आणि चूक त्याची नसेल.

आता एक गोष्ट, जी बहुतेक जण सोडून देतात. स्टड आवळले की ब्लॉक थोडा ओढला जातो आणि बोअर (पिस्टन वर-खाली होतो ते भोक) गोल राहत नाही. या होंडाचा ब्लॉक तर वरून उघडा, ओपन डेक, त्यामुळे आणखीच. बोल्टऐवजी स्टड आले की ओढ बदलली, म्हणजे बोअरचा आकारही बदलला. म्हणून होनिंग (बोअर आतून घासून गोल-गुळगुळीत करणं) करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) बसवून, हेच स्टड, हाच टॉर्क, हेच वंगण आणि तशाच प्रकारचं जुनं पॅकिंग वापरून होनिंग व्हायला हवं. टॉर्क प्लेट आमच्या तालुक्यात नाही. ब्लॉक मोठ्या शहरात पाठवावा लागला, सुरुवातीला सांगितलेल्या दोन दिवसांशिवाय आणखी चार दिवस गेले. पण त्यात एक फायदा फुकट मिळाला. नवीन स्टड-नटचे आटे पहिल्या दोन-तीन वेळा आवळले-सोडले की एकमेकांवर बसतात आणि घर्षण स्थिर होतं. ते आवळणं-सोडणं टॉर्क प्लेटवरच होऊन गेलं. नव्या पॅकिंगवर ते करू नका, पॅकिंग एकदाच दाबायचं असतं.

स्टड बसवणं

स्टडच्या दोन टोकांना वेगवेगळे आटे असतात, जाड आटे ब्लॉकमध्ये आणि बारीक वर. उलटा घालायची चूक सहसा होत नाही, पण कॉफीचा कप हातात असताना होते.

स्टड हाताने बसवायचा. वरच्या टोकाला एलन-कीचं भोक असतं ते हलकेच फिरवायला, ब्लॉकमध्ये टॉर्क द्यायला नाही. तळाला टेकेपर्यंत बोटाने, बस. पोट्ट्याने लांब की लावून अर्धा फेरा जास्त दिला तेव्हा मी त्याला थांबवलं. "काहून बे, ब्लॉक तुह्या काकाचा हाय काय?" स्टड तळाला दाबून घट्ट केला तर खालच्या आट्यांवर आधीच ताण बसतो, आणि अल्युमिनियम तिथूनच सोडून देतं. दहाही स्टड बसल्यावर बाजूने वाकून बघा, सगळ्यांची उंची सारखी हवी. एखादा दोन मिलिमीटर वर दिसला तर त्याच्या भोकात काहीतरी आहे. काढा, पुन्हा साफ करा.

हेड बसवण्याआधी डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का बघा, पॅकिंग योग्य बाजूने आणि ऑइलची भोकं जुळतील असं ठेवा. एमएलएसवर सिलिकॉन किंवा शेलॅक काहीही लावू नका. दोन्ही फेस थिनरने शेवटचे पुसा. पेट्रोलने पुसाल तर त्याचा तेलकट थर राहतो. आणि थिनर उघडा असताना शेडमध्ये बिडी पेटू देऊ नका, शेजारचे म्हातारबाबा गप्पा मारायला आले असतील तरी. मग दोघांनी मिळून हेड सरळ खाली उतरवायचं. स्टड आता खुंट्यांसारखे काम करतात. एका बाजूने तिरकं घातलं तर स्टडच्या आट्यांनी हेडची भोकं खरवडली जातात, आणि तो किस थेट पॅकिंगवर पडतो.

वंगण कुठे, कुठे नाही

वायसर हेडवर ठेवा. सोबत आलेलेच, कडक केलेले आणि ग्राइंड केलेले. बाजारातला साधा वायसर नटाखाली चेपला जातो आणि ओढ निघून जाते. वायसरची एक बाजू आतून कापलेली असेल, तर किटच्या कागदावर दाखवलं आहे तशीच ठेवा.

वंगण स्टडच्या वरच्या आट्यांवर, आणि नटाच्या बुडाला, जिथे तो वायसरवर फिरणार. वायसर आणि हेडच्या मध्ये अजिबात नाही. कारण वायसरने जागेवर उभं राहायचं आणि नटाने त्याच्यावर फिरायचं. वायसरच नटासोबत फिरायला लागला तर घर्षणाची जागाच बदलली, आणि आपला सगळा हिशेब गेला. मी प्रत्येक वायसरवर आणि त्याच्या शेजारी हेडवर पेंट मार्करने एक रेघ ओढतो. शेवटी रेघ जुळलेली असली तर वायसर हलला नाही.

नट हाताने टेकवा. स्टडचं टोक नटाच्या वर निदान एक-दोन आटे दिसलं पाहिजे. आत्ताच व्हॉल्व्ह कव्हर ठेवून बघा, एखादा स्टड कव्हरला लागतो का. आवळून झाल्यावर हे कळणं म्हणजे डोक्याला हात.

आवळणं

क्रम मधून बाहेर. दोन ओळींत पाच-पाच स्टड. मधल्या जोडीपासून सुरुवात, मग त्याच्या एका बाजूची जोडी, दुसऱ्या बाजूची, आणि शेवटी कोपरे. बाहेरून सुरुवात केली तर कोपरे आधी दबतात आणि मधला फुगवटा तसाच अडकून राहतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये क्रम असतो, तोच घ्या. मी तो खडूने हेडवर आकड्यांत लिहितो, १ ते १०. पाठ असला तरी लिहितो, कारण पाचव्या नटाला फोन वाजतोच.

टप्पे तीन, सारखे: २७, मग ५४, मग ८१. प्रत्येक टप्प्यात सगळे दहा, क्रमाने. पहिला टप्पा झाल्यावर सगळ्या नटांच्या एका कोपऱ्यावर आणि हेडवर मार्करने रेघ मारा.

ओढ एकसारखी, हळू, न थांबता, क्लिक होईपर्यंत. डावा हात पान्याच्या डोक्यावर, उजवा मुठीच्या मध्यावर. झटका दिला तर आकडा खरा राहत नाही. आणि मध्येच थांबलात, श्वास घेतलात, तर थांबलेल्या नटाला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि पाना नट हलण्याआधीच वाजतो. तसं झालं तर तो नट थोडा सोडा, पुन्हा एकाच ओढीत आणा. क्लिक एकदा ऐकला की पुरे. "खात्रीसाठी" दुसरा क्लिक म्हणजे वरून थोडं जास्त देणं. सरळ एक्स्टेंशन लावल्याने आकडा बदलत नाही, पण पाना वाकडा होऊ देऊ नका.

हाताला काय लागतं ते ऐका. शेवटच्या टप्प्यात दहाही नट जवळजवळ सारखेच फिरायला हवेत. मार्करच्या रेघा बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूपच जास्त फिरला आणि तरी क्लिक नाही, तर खाली ब्लॉकचे आटे सुटत आहेत. तिथेच थांबा. एखादा जेमतेम हलला आणि लगेच वाजला, तर आट्यात कचरा आहे किंवा वंगण लावायचं राहिलं. तो स्टड खरा ओढला गेलेला नाही, आकडा बरोबर असला तरी. त्या दिवशी आमचा सातवा नट असाच निघाला. पूर्ण क्रम उलटा करून, बाहेरून आत, थोडं-थोडं सगळे सोडले, सातवा काढला. बुडाला वंगण होतं, पण आट्यांवर रुईचा एक धागा, काळा पडलेला. पोट्ट्याने तो बोटावर घेऊन पाहिला आणि काही बोललं नाही. एकट्या सातव्यालाच सोडून परत आवळता आलं असतं, पण पॅकिंग त्या एका जागी वेगळं दबलं असतं. पॅकिंग आधी ८१ पर्यंत दाबलं गेलं होतं, म्हणून नवीन टाकलं. पैसे गेले, पण हेड पुन्हा काढायला लागलं असतं त्यापेक्षा स्वस्त.

नंतर

इंजिन पहिल्यांदा तापलं की ओढ बदलते, कारण तापल्यावर अल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. शंभर मिलिमीटर उंचीचं हेड सत्तर अंशांनी तापलं, तर स्टडच्या तुलनेत ते जवळपास आठ शतांश मिलिमीटर जास्त वाढतं. म्हणजे गरम असताना स्टडवर आणखी ताण येतो आणि थंड झाल्यावर तो उतरतो. म्हणूनच टॉर्क नेहमी थंड इंजिनावर.

एमएलएस पॅकिंग आणि किटचं वंगण असेल तर पुन्हा आवळायची सहसा गरज नसते. कंपोझिट पॅकिंग असेल तर एकदा पूर्ण गरम करून, रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी बघावं लागतं. तेव्हा नुसता पाना लावून "वाजला का" असं करू नका, बसलेल्या नटाचं घर्षण खोटं सांगतं. एकावेळी एकच नट, क्रमाने, चतुर्थांश फेरा सोडा आणि एकाच ओढीत परत पूर्ण आकड्यावर आणा. एक झाल्यावरच दुसरा.

पहिल्यांदा चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. थंड इंजिनातच बुडबुडे सतत येत असतील, किंवा वरची होज काही क्षणांत कडक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात जातोय. हवा निघून गेल्यावर बुडबुडे थांबले तर ठीक. शक्य असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून लीक-डाउन तपासा. रेडिएटरचं झाकण, ऑइल भरायचं तोंड आणि सायलेन्सर, तिन्हीकडे कान लावा. हिस्स कुठून येतं त्यावरून दोष कुठे ते कळतं.

शेवटी मी व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने तीन गोष्टी लिहितो: तारीख, वंगण कोणतं, टॉर्क किती आणि कोणत्या एककात. सिटीच्या कव्हरमध्येही लिहिलं. पोट्ट्याने खाली आपल्या मनाने बारीक अक्षरात भर घातली, "सातवा नट पाहा." मी पुसलं नाही.